चार बोटं आखूड बंदूक

जुन्या मालाच्या धंद्यात एक गंमत आहे. वस्तू गिऱ्हाईक घेऊन जातं, पण तिचा किस्सा दुकानातच राहतो. तो कुणी बांधून मागत नाही आणि आम्हीही बिलात लावत नाही. मग काय, साठत जातात. आमचं दुकान रियाधच्या जुन्या बाजारात, बत्हा या कामगारवस्तीपासून पायी पंधरा मिनिटांवर. दोन्ही हात पसरले की रुंदी संपली. त्यात कॉफीच्या पितळी किटल्या, लाकडी दारं, उंटांची खोगिरं, हातभर लांबीच्या किल्ल्या, कंदील. आणि या सगळ्यापेक्षा जास्त जागा अडवलीय ती किश्श्यांनी!

मी मूळचा राजापूर तालुक्यातला सुतार. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण इथे गिऱ्हाइकांनी केलं, आणि फी त्यांनीच दिली. दुकान अबू तुर्की यांचं. पंचाहत्तरीचे सौदी गृहस्थ, कमी बोलणारे. मी आधी त्यांचा नोकर, नियम बदलल्यावर कागदोपत्री भागीदार. पण आजही ते मला नावाने हाक मारत नाहीत. "या नज्जार" म्हणतात, म्हणजे "अरे सुतारा". शुक्रवारी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर आमच्याकडे बैठक जमते. दापोलीचा सलीम येतो, त्याचं इंडस्ट्रियल एरियात लेथचं वर्कशॉप आहे. पाटणकर डॉक्टरबाई येतात, कराडच्या, इथल्या सरकारी इस्पितळात लहान मुलांची हाडं जुळवतात. चौघे मिळून कॉफी पितो, खजूर खातो आणि एकमेकांचा अपमान करतो.

आधी माझ्याच मूर्खपणाचा सांगतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांचे सांगायला तोंड राहतं.

*

दुकानात लागून मला दोन महिने झाले असतील. ईदची सुट्टी आली. अबू तुर्की घरच्यांना घेऊन मदिनेला गेले आणि चावी माझ्याकडे देऊन गेले. परक्या मुलखात दोन महिन्यांच्या ओळखीवर कुणी चावी देतं का? मला इतकं भरून आलं, की या माणसासाठी काहीतरी करायचंच असं ठरवलं.

फळीवर बारा किटल्या होत्या, काळ्याकुट्ट. आमच्याकडे गणपतीच्या आधी घरातलं सगळं पितळ चिंचेने घासतात. मी बत्ह्यातून दोन किलो चिंच आणली. दोन दिवस घासत होतो. बोटांची सालं निघाली, पण किटल्या अशा झळकल्या की दुकानात दिवा लावायची गरज नाही.

अबू तुर्की परत आले. दारात थांबले. मग खुर्ची ओढून फळीसमोर बसले आणि किटल्या एकेक करून बोटाने मोजल्या. शेवटी म्हणाले, "नज्जार, मी इथे बारा आजोबा ठेवून गेलो होतो. तू त्यांचे बारा नातू केलेस."

शंभर वर्षांची काजळी, तीच तर किंमत होती! मी कपडे भरायला निघालो. त्यांनी हाताने बस म्हणून खुणावलं. "तुझ्या शिकवणीवर माझा एवढा खर्च झालाय," म्हणाले, "की आता तुला काढणं परवडणार नाही."

*

एकदा एक तलवार आली. उत्तरेकडचा माणूस, मखमली म्यान, पात्यावर नक्षी. तुर्की सरदाराची म्हणाला. मला तोवर चार वर्षांचा अनुभव होता, म्हणजे सगळ्यात धोक्याचं वय. दहा मिनिटांत घेऊन टाकली.

संध्याकाळी सलीम आला. त्याने पात्यावर नखाने टिचकी मारली, मुठीजवळचा बुजवलेला गोल डाग बघितला आणि पातं खाली ठेवलं. "दादा, सरदार कुठला ते मला नाय माहीत. पण ही पट्टी आधी ट्रकच्या मागल्या चाकावर होती."

ट्रकचा पाटा! बोल्टचं भोक तेवढं बुजवलेलं.

त्या दिवसापासून नियम झाला. हत्यार असो की महाग वस्तू, तीन माणसांचा हात लागल्याशिवाय घ्यायची नाही. धातू सलीमने बघायचा, लाकूड मी. अबू तुर्की वस्तू बघतच नाहीत, ते आणणाऱ्या माणसाकडे बघतात.

डॉक्टरबाई या यादीत आल्या त्या एका जंबियामुळे. जंबिया म्हणजे इथला वाकडा खंजीर. विकणारा शपथेवर सांगत होता, मूठ हस्तिदंती आहे. बाई खरं तर समई शोधायला आल्या होत्या. मूठ उजेडात फिरवली आणि मला मराठीत म्हणाल्या, "मेस्त्री, हत्तीबित्ती काही नाही. बैलाच्या पायाचं हाड आहे. हाडाबद्दल मला खोटं सांगून चालत नाही, माझं पोट आहे त्यावर." समई काही मिळाली नाही. बाईंना कायमची खुर्ची मिळाली.

*

आता ती बंदूक.

गेल्या हिवाळ्यात एक तिशीचा तरुण आला. नाव माजिद. किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत इंजिनिअर. काखेत गोधडीसारखं गुंडाळलेलं काहीतरी. आकार बघूनच मी हात वर केले. आधी कागद, मग कापड. बंदुकीच्या बाबतीत आमच्याकडे हीच पद्धत, कारण परदेशी माणसाने पाहुणा म्हणूनसुद्धा नसत्या वस्तूशेजारी बसू नये. त्याच्याकडे पोलिसांचा कागद होता: फायरिंग पिन काढलेली, नळीत शिसं ओतलेलं, फक्त शोभेची. नाव त्याच्या आजोबांचं, चार पिढ्यांसकट, हातभर लांब.

कापड उघडलं. ब्रिटिश फौजेची एकबारी रायफल, खाली तरफ ओढली की उघडणारी. कडेला राणीचा मुकुट. इकडचे लोक हिला मुकुटवालीच म्हणतात. अशी न बदललेली मिळाली तर संग्राहक विमानाने येतात. ही मात्र पार बदललेली. नळी वीतभर कापलेली. दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, तोही आखूड. आणि दस्त्यावर चांदीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, एखाद्या मोडक्या हाताला बांधाव्यात तशा.

माजिदने इतिहास सांगितला. पणजोबांच्या पणजोबांनी लढाईत ती हातात धरली होती, शत्रूची गोळी दस्त्यावर बसली, तरी त्यांनी ती सोडली नाही. तिथल्या तिथे तुटलेला भाग काढून जोडली. आजोबांनी स्वतः सांगितलेली हकीकत. ईदला आणि लग्नांत गावात अर्धा नावाचा नाच होतो, म्हणजे पुरुष रांगेत खांद्याला खांदा लावून तलवारी-बंदुका घेऊन नाचतात. आजोबा शेवटपर्यंत हीच घेऊन रांगेच्या मधोमध उभे राहायचे.

मग विकायची का? तर रियाधच्या उत्तरेचं गावातलं घर महिनाअखेर रिकामं होणार होतं. आई माजिदकडे राहायला जाणार. नव्या फ्लॅटच्या भिंती आतून पोकळ, दोनदा खिळे ठोकले आणि दोन्ही वेळा बंदूक खिळ्यासकट खाली आली. दुसऱ्या वेळी त्याच्या मुलीच्या पाळण्याशेजारी पडली. बायकोने सांगितलं, आता एक तर ही राहील नाहीतर मी. गल्लीच्या टोकाचा एक व्यापारी लगेच घ्यायला तयार होता. त्याचा हिशेब उघड होता: चांदी सोलायची, लाकूड फेकायचं, लोखंड कुठल्यातरी हॉटेलच्या भिंतीवर. पण आईने बजावलं होतं, जो मोडणार नाही त्यालाच दे, आणि आधी अबू तुर्कींच्या दुकानात विचार.

"दोन शुक्रवार थांबतो," माजिद म्हणाला. "तुम्ही नाही म्हणालात तर त्याला देतो."

त्या दिवशी अबू तुर्की दुकानात नव्हते. मी बंदूक ठेवून घेतली.

*

सलीम आला, त्याने आधी नळी बघितली. हातकरवतीने कापलेली, वरून कानस मारलेली. "घाईतलं काम हाय, पण वाईट नाय," म्हणाला. मग दस्त्यावरची एक चांदीची पट्टी सैल होती ती त्याने अंगठ्याने सरकवली. खाली तिरपा सांधा आणि सांध्यात गोल खुंट्या.

"दादा, हे बघ. बांबूच्या खुंट्या. खिळा नाय, सरस नाय. हे काम इकडचं नाय. हे आपल्याकडचं."

मी बंदूक दाराशी उजेडात नेली. खुंट्या पाच. चार एका रेषेत, पाचवी किंचित खाली, तिथे ड्रिल घसरलं होतं. मला ते ओळखायला वेळ लागला नाही. कारण घसरलं तेव्हा ते ड्रिल माझ्या हातात होतं.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ज्या कंपनीच्या व्हिसावर आलो ती बंद पडली होती. कॅम्पमधून बाहेर काढलं, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपायला महिना उरला होता. बत्ह्यात एका खोलीत अकरा जण राहत होतो आणि मी गल्लीत हत्यारांची पेटी घेऊन बसायचो, कुणी मोडकी खुर्ची आणली तर आणली. एक दिवस एक म्हातारे अरब आले. कापडातून बंदूक काढली आणि दस्त्यावर बोटं ठेवून दाखवलं: एवढं कमी कर. चार बोटं. टोकाची पितळी पट्टी मात्र तशीच राहायला हवी.

मग मधला तुकडा काढायचा आणि टोक परत जोडायचं, दुसरा उपाय नव्हता. खुंट्यांना लाकूड नव्हतं. खोलीत रत्नागिरीहून आलेली आंब्याची रिकामी करंडी होती, तिच्या बांबूच्या तासून घेतल्या. चांगल्या अक्रोडाच्या दस्त्याला अशी करवत लावणं हे आज मला कुणी सांगितलं तर मी हात जोडीन. तेव्हा मला मुकुट माहीत नव्हता आणि अरबीही येत नव्हती. चांदीच्या पट्ट्या तर नंतर चढल्या.

काम बघून म्हातारबाबांनी माझी पेटी उचलायला सांगितली आणि मला चालत या दुकानात घेऊन आले. अबू तुर्कींना एकच वाक्य बोलले. त्याचा अर्थ मला वर्षभराने कळला.

"याला ठेवून घे," ते म्हणाले होते. "याने कशासाठी ते विचारलं नाही."

लोक त्यांना अबू नासर म्हणत. कागदावरचं ते चार पिढ्यांचं नाव त्यांचंच, हे मला त्या दिवशी सलीमसमोर कळलं. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन. माझं घर, बहिणींची लग्नं, मुलाचं इंजिनिअरिंग, सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. आणि मी त्यांच्या बंदुकीची किंमत कापून ठेवली होती!

*

पुढच्या शुक्रवारी डॉक्टरबाईंच्या हातात बंदूक दिली. त्यांना मी काहीही सांगितलं नव्हतं. समोर रुग्ण असल्यासारखी त्यांनी ती आडवी मांडीवर घेतली, दस्त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"मेस्त्री, ही खांद्याला लावायचे नाहीत. घासलेली जागा खांद्याची नाही, बरगडीची आहे." मग स्वतः उभ्या राहिल्या, दस्ता काखेखाली दाबून धरला, हात हलवून बघितला. "ज्याने ही धरली त्याचा उजवा कोपर काटकोनात घट्ट झालेला असणार. हाड मोडलं असेल आणि वेडंवाकडं जुळलं असेल. तोंडात घास जातो, कप धरता येतो, बाहेरून कुणाला कळतही नाही. पण हात पसरून लांब काही धरायचं म्हटलं की संपलं."

"आणि हात मिळवायचा झाला तर?" मी विचारलं.

"मिळवता येईल की. फक्त समोरच्याच्या अगदी जवळ जाऊन उभं राहायला लागेल."

अबू नासर कधीमधी दुकानात यायचे. हात मिळवताना इतके जवळ यायचे, की त्यांच्या दाढीचं अत्तर माझ्या शर्टाला लागायचं. मी गावाकडे पत्रात लिहिलं होतं, इकडे एक म्हातारे आहेत, फार माया करतात.

मी अबू तुर्कींकडे बघितलं. ते खजुराची बी काढत होते. "तुम्हाला माहीत होतं?" विचारलं. "उंटावरून पडला होता," म्हणाले. "रांगेतून बाहेर व्हायचं नव्हतं त्याला." एवढंच.

*

त्याच शुक्रवारी तिकडे समुद्रकाठी थुवालला राहणारे एक गोरे प्रोफेसर आले. जुन्या हत्यारांचे मोठे जाणकार. वर्षातून दोनदा रियाधला येतात. मी बंदूक लपवायच्या आत त्यांनी ती बघितली.

तास-दीड तास भिंग लावून बसले. नळीवर नाक मुरडलं. पण सरकलेल्या पट्टीखालचा सांधा दिसला आणि त्यांचा चेहरा उजळला. बांबूच्या खुंट्या, सरस नाही! त्यांनी तिथेच दोन पानी टिपण लिहून काढलं. ही दुरुस्ती जुन्या मुंबई इलाख्यातल्या फौजी कारखान्याची, दीडशे वर्षांपूर्वीची, उष्ण हवेत सरस टिकत नाही म्हणून वापरलेली खास पद्धत. बंदुकीपेक्षा हा सांधाच दुर्मीळ. आणि त्यांनी एक आकडा सांगितला. अबू तुर्कींनी कप खाली ठेवला.

डॉक्टरबाई मराठीत म्हणाल्या, "मेस्त्री, दीडशे वर्षांचे निघालात. तब्येत छान ठेवलीय."

सलीम माझ्या कानाशी. "दादा, एवढा शिकलेला माणूस लिवून देतोय. आपण कोण खोडणारे?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. माजिदला गल्लीच्या टोकाच्या माणसापेक्षा दसपट पैसे देता आले असते. बंदूक मोडली नसती. प्रोफेसर खूश, मी खूश. पण ते टिपण पुढे पुस्तकात जाणार, मग कुणीतरी ते खरं मानून दुसरी बंदूक घेणार. आणि ट्रकचा पाटा मी स्वतः विकत घेतलेला माणूस आहे.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, सर, हा सांधा मी केला. सव्वीस वर्षांपूर्वी, बत्ह्यात, आंब्याच्या करंडीतून.

प्रोफेसर हसले. म्हणाले, तीस वर्षं या देशांतल्या बाजारांत फिरतोय. नवीन वस्तू जुनी म्हणून सांगणारे रोज भेटतात. जुनी वस्तू नवीन म्हणून सांगणारा व्यापारी पहिल्यांदा बघतोय. इतका हुशार सौदा आजवर माझ्याशी कुणी केला नाही. आणि त्यांनी आकडा वाढवला!

आता आली का पंचाईत? खरं बोललो तर भाव चढतोय.

शेवटी मी मोडक्या दाराचा एक तुकडा घेतला. शेजारच्या कबाबवाल्याकडून बांबूच्या जाड काड्या आणल्या. प्रोफेसरांना समोर बसवलं आणि तासाभरात तसाच तिरपा सांधा, पाच खुंट्या, करून हातात दिला. त्यांनी दोन्ही सांधे शेजारी ठेवून बघितले.

"तिथे पाचवी खुंटी वाकडी का?"

"ड्रिल घसरलं."

"आणि इथे?"

"आता सव्वीस वर्षांचा अनुभव आहे, सर."

त्यांनी टिपणाची घडी केली आणि खिशात घातली. बंदुकीकडे परत बघितलं नाही. उठताना मात्र म्हणाले, हा नवीन तुकडा विकता का? मी तसाच दिला. ते म्हणाले, मग सही करून द्या, म्हणजे माझ्यासारखा दुसरा कुणी फसायचा नाही. मी लाकडावर पेन्सिलने देवनागरीत सही केली. सातवी शिकलेल्या माणसाची सही प्रोफेसरांच्या कपाटात आहे, हे मी राजापूरला फोन करून सांगितलं.

*

मधला आठवडा मी एकाच विचारात. घ्यायची की नाही?

व्यापारी म्हणून उत्तर सोपं होतं. दोनदा कापलेली बंदूक, जाणकाराने हात झटकलेले, चांदीपलीकडे तिला भाव नाही. पण आम्ही नाही म्हणालो, की ती गल्लीच्या टोकाला जाणार आणि चांदी सोलली जाणार.

सलीमचं मत, "घे दादा. तुझी लक्ष्मी हाय ती." डॉक्टरबाई म्हणाल्या, घ्या, पण त्या मुलाला आजोबांचा कोपर सांगा, खोट्या लढाईपेक्षा खरा कोपर मोठा. मलाही ते पटलं होतं. जो माल आपण स्वतः बिघडवलाय त्याची किंमत करताना गप्प बसायचं, हे धंद्यात बसत नाही.

अबू तुर्कींनी एकच अडचण काढली. "तू घेशील, पण ठेवशील कुठे? तुझ्या इकाम्यावर बंदूक घरी ठेवता येत नाही. दुकानात ठेवलीस तर ते दुकान आहे. कुणीतरी येईल, भाव विचारेल. आज नाही म्हणशील. मी गेल्यावर, तू गावी गेल्यावर?"



*

ठरलेल्या शुक्रवारी माजिद आला, सोबत त्याची आई. उम्म माजिद, अबू नासरांची सून. सासऱ्यांचं शेवटपर्यंत सगळं यांनीच केलेलं. त्या खुर्चीवर टेकल्या, बंदुकीकडे नुसतं बघून घेतलं. डॉक्टरबाईंनी त्यांना कॉफी ओतून दिली. सलीम कोपऱ्यात पेटीवर.

मी घसा साफ केला. म्हणालो, भाव सांगण्याआधी मला या दस्त्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी.

"लढाईची ना?" माजिद म्हणाला. "ती मला पाठ आहे."

"नाही," मी म्हणालो. "त्याच्या नंतरची."

तेवढ्यात उम्म माजिदनी हात वर केला. माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाल्या, "माजिद, यांना आधी ईदचा व्हिडिओ दाखव. काय घेतायत ते तरी त्यांना कळू दे."

माजिदने फोन काढला. गावाबाहेरचं मैदान, समोरासमोर दोन रांगा. पलीकडची पाहुण्यांची, त्यांच्या तलवारी हात सरळ ताणून वर गेलेल्या. अलीकडची यांची. चाळीसेक पुरुष, म्हातारे, तरणे, मधोमध माजिद ही बंदूक घेऊन. ढोलाच्या ठेक्यावर रांग झुलत होती. आणि चाळीसच्या चाळीस जणांचा उजवा कोपर काटकोनात दुमडलेला, बरगडीला चिकटलेला.

"ही आमच्या घराण्याची पद्धत," माजिद म्हणाला. आवाजात फुशारकी नव्हती, घरचं नाव सांगावं तसा सांगत होता. "दुसरं कुणी असं धरत नाही. लढाईपासून चालत आलेली आहे. आजोबांनी बाबांना शिकवली, बाबांनी आम्हाला. कोपर उघडला तर मोठी माणसं काठीने टोचतात. हजार माणसांत उभे करा, आमचे लोक लांबून ओळखू येतात."

डॉक्टरबाईंनी फोन हातात घेतला. व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. "सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे."

बाईंची सगळी हयात मुलांचे कोपर सरळ करण्यात गेली. त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि कॉफीच्या कपात बघत बसल्या. मी मान वर केली तर उम्म माजिद माझ्याकडे बघत होत्या.

अबू तुर्की आजवर गिऱ्हाइकाशी सौद्याचं बोलल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी बोलले. "माजिद, आम्ही जुन्या वस्तू घेतो. ही अजून कामावर आहे. घरी घेऊन जा."

माजिदला ते मनापासून आवडलं हे दिसत होतं, पण भिंतीचं काय? मी म्हणालो, त्याची काळजी माझी. पोकळ भिंतीच्या आत लोखंडी उभ्या पट्ट्या असतात, त्यांना आडवी सागाची फळी धरायची आणि फळीवर दोन खुंट्या. पाळण्यावर नाही, दारावर. मी येतो, सलीमला घेऊन येतो. खर्च नको, आईच्या हातचं जेवण पुरे.

माजिद बंदूक गोधडीत गुंडाळायला लागला. गाठ मारता मारता त्याला आठवलं.

"तुम्ही दस्त्याबद्दल काही सांगणार होतात."

उम्म माजिदचा कप ओठांपाशी थांबला होता.

"हो," मी म्हणालो. "लाकडाला वर्षातून एकदा तिळाचं तेल द्या. फडक्याने, हलक्या हाताने."